रविवारच्या सरावाआधी: एकच रस्ता, दोन शर्यती

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला सुपर कॉरिडॉरवर सायकल सराव. हेल्मेटशिवाय आलात तर सरळ घरी.

नव्या सभासदांचा प्रश्न असतो, "व्यावसायिक खेळाडू आपल्याच शर्यतीत कसे?" आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल, धावणं सलग) तेच ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि ४२.२ किमी धावणं दोघांनाही. ते आपल्याआधी पाण्यात उतरतात, बक्षिसाच्या रकमेसाठी झुंजतात. आपण आपापल्या वयोगटात. ते आठ तासांच्या आसपास संपवून आंघोळ करून मोकळे होतात, आपली लढाई १७ तासांच्या मुदतीशी. नियमही थोडे वेगळे. पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर आपल्याला वेटसूट (पोहताना घालायचा रबरी सूट) चालतो, त्यांना २१.९ पर्यंतच. (इंदूरच्या मे महिन्यात हा प्रश्नच नाही म्हणा!)

मुख्य मुद्दा ड्राफ्टिंगचा, म्हणजे वारा अडावा म्हणून दुसऱ्याच्या आडोशाने सायकल चालवण्याचा. ऑलिंपिकच्या ट्रायथलॉनमध्ये पुढच्याच्या मागे चिकटून सायकल चालवता येते, आयर्नमॅनमध्ये नाही. आपल्याला १२ मीटरचं अंतर, त्या टप्प्यात शिरलात तर २५ सेकंदांत पुढे जा. मागच्या रविवारी आपल्यातले चौघे चक्क आगगाडीच्या डब्यांसारखे चालले होते. या वेळी रस्त्यावर खडूने १२ मीटर आखणार आहे. मापायला टेप कुणीतरी आणा. पोहे-जिलबी नंतर.