हुपरीच्या चांदीकारागीर अण्णांना, खिशाच्या दोन धाग्यांबद्दल

अण्णा, नमस्कार.

तुम्ही मोबाइल उघडून हे वाचणार नाही, ठाऊक आहे. सूनबाईंनी वाचून दाखवावं. समोर बोलायला गेलं की "ऱ्हाऊ द्या, च्या घ्या" म्हणून तुम्ही विषय मिटवता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

मी सांगलीत घरच्या छोट्या लेथवर एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं करतो. नोकरीतून उरलेल्या वेळातला उद्योग. दांडी, टोपण, आटे सगळं जमतं. अडतं ते क्लिपपाशी. बाजारातली तयार क्लिप लावली की आपलंच पेन दुसऱ्याचं वाटायला लागतं. मला माझ्या मापाची क्लिप हवी होती. एक. एका कारखान्यानं "किमान पाचशे नग" सांगून फोन ठेवला. एका चकचकीत पेढीनं काम घेतलं, पेन तीन आठवडे अडकवून ठेवलं आणि टोपणाच्या कडीला डाख देऊन, म्हणजे तापवून सांधून, क्लिप जोडली. त्या आचेनं धातू मऊ पडला. पहिल्यांदा खिशाला लावली, वाकली, ती वाकलीच. वर टोपणावर ओरखडा. विचारलं तर म्हणे, "एवढंसं काम, त्यात काय इतकं बघता?" एवढंसं होतं तर नीट करायला काय झालं होतं?

मग आईनं धनत्रयोदशीला घेतलेलं १० ग्रॅमचं चांदीचं नाणं घेऊन तुमच्याकडे आलो. गल्लीभर पैंजणांची कामं चालू होती. तुम्ही नाण्याकडे बघितलंच नाही. टोपण उचललं, नाकाशी नेलं आणि म्हणालात, "गंधक हाय ह्यात. चांदी काळी पडंल, चालंल का?" एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर, हे मी वाचून शिकलो होतो. तुम्हाला ते वासावर कळलं. नुसती शुद्ध चांदी लवचिक राहायची नाही, थोडं तांबं मिसळायचं. क्लिप आणि कडी एकाच पत्र्यातून कापायची, डाख नकोच. ऐरणीवर थंडच ठोकून ताठ करायची. चहा येईपर्यंत तुमचं सांगून झालं होतं.

पण कसब हुपरीत घरोघरी आहे. माझ्या मनात राहिलाय तो तुमचा खिसा.

चार दिवसांनी आलो तर पेन तुमच्याच सदऱ्याला. वाटलं, हौसेनं लावलं असेल. तुम्ही आत गेलात तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "मामंजी चार दिस तेच लावून हिंडाय लागल्यात. रानातबी." बाहेर येऊन तुम्ही खिशाची कड दाखवलीत. दोन धागे निघून आले होते. "टोक अजून धरतंय," म्हणालात आणि कानस घेऊन बसलात. टोक जरासं घासायचं, सदऱ्यावरून ओढून बघायचं, पुन्हा घासायचं, धागा अडकायचा थांबेपर्यंत. गिऱ्हाइकाचा खिसा वाचावा म्हणून तुम्ही स्वतःचा उसवून घेतलात. मी काही बोलायच्या आत, "जुनाच हाय सदरा."

निघताना हातात कागदाची पुडी ठेवलीत. उरलेली चांदी, अगदी कीससुद्धा. कामात घट झाली म्हणून ठेवून घेतली असती तर मला कळलंही नसतं. न विचारलेल्या गोष्टीची अशी काळजी घेणारी माणसं मी कचेरीत, दवाखान्यात, दुकानात शोधत असतो. क्वचित भेटतात, आणि भेटली की घरी येऊन दोन दिवस तेच सांगत बसतो. बायको कंटाळलीय.

गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून राजमहेंद्रीच्या रत्नम यांना, त्यांनी पाठवलेल्या स्वदेशी फाउंटन पेनाबद्दल आभाराचं छोटंसं पत्र लिहिलं होतं. मला छोटं जमलं नाही.

क्लिप आतल्या अंगानं काळी पडलीय, तुम्ही म्हणाला होतात तशी. बाहेरून रोज बोटं फिरतात म्हणून लखलखीत आहे. दिवाळीआधी आणखी दोन करायच्यात. चांदी घेऊन येतो. कीस ठेवून घ्यायचा, पुडी बांधायची नाही. आणि लावून बघायला या वेळी माझा सदरा आणतो.

तुमचा,
सांगलीचा पेनवाला