आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर, ट्रॉम्सोहून

ट्रॉम्सो, नॉर्वे
10 डिसेंबर

तीर्थस्वरूप आजोबा आणि आजी यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आजोबांनी विचारलं, "तुम्ही त्या परजीवींना मारत नाही, मग मोजता कशाला?" विषय माझ्या कामाचा, म्हणजे समुद्रातल्या इवल्या प्राण्यांच्या आत राहणाऱ्या परजीवींचा. आवाज सारखा तुटत होता आणि उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र. वाचून झालं की नागपूरला आत्याकडे पाठवा. तिनेही हेच विचारलं होतं.

आजोबा, सायक्लॉप्स म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. झाबुआ-धारच्या गावांत तुम्ही बावडीचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात धरायचात आणि त्यात झटके मारत फिरणारे पांढरे ठिपके लोकांना दाखवायचात. नारूची अळी त्या ठिपक्याच्या पोटात दोनेक आठवडे वाढते, पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाते, आणि वर्षभराने पायातून हातभर लांब किडा बाहेर येतो. हे तुमच्या तोंडून इतकं ऐकलंय की कॉलेजात तो धडा मला वाचावाच लागला नाही. मी ज्याच्यावर काम करते तो कॅलॅनस या सायक्लॉप्सचाच भाऊबंद. दोघेही कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी प्राणी. एक विहिरीतला, दुसरा थंड समुद्रातला.

इथल्या समुद्रात याच्या तीन जाती महत्त्वाच्या. त्यांतली सगळ्यात मोठी कॅलॅनस हायपरबोरियस. तिची मादी सात मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. उन्हाळ्यात बर्फाखालचं आणि पाण्यातलं शेवाळ खाऊन हे प्राणी इतकी चरबी साठवतात की सुकवून वजन केलं तर अर्ध्याहून जास्त चरबीच भरते. मग शेकडो मीटर खोल उतरतात आणि वसंतापर्यंत काही न खाता तिथेच थांबतात. आत्ता ते खालीच आहेत. वर आम्हीही सूर्याशिवाय आहोत. नोव्हेंबरअखेर गेलेला तो जानेवारीच्या मध्यानंतर दिसेल. (आजी, मी व्हिटॅमिन डी घेते, काळजी करू नकोस.) या चरबीवर इथलं बरंच काही चालतं. पोलर कॉड मासा ती खातो, लिटल ऑक नावाचा मुठीएवढा पक्षी ती पिल्लांना भरवतो, आणि बोहेड देवमासासुद्धा हेच गाळून खातो.

आता परजीवी. कॅलॅनस पारदर्शक असतो. निरोगी प्राणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पोटातली चरबीची लांब पिशवी चकचकीत दिसते, आतड्याची रेघ दिसते, मादीची अंडी मोजता येतात. सिंडिनियम नावाचा एकपेशीय परजीवी आत शिरला की हे सगळं हळूहळू पुसलं जातं. तो शरीराच्या पोकळीत पसरत जातो आणि अंडाशय निकामी करतो. प्राणी दुधी, अपारदर्शक होतो. बाहेरून आकार तोच, पाय हलतात, पोहतोही, पण आत बहुतेक जागा परजीवीची. शेवटी तो मरतो आणि त्यातून शेपटीवाले हजारो बीजाणू पाण्यात सुटतात. असा प्राणी मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही.

एदुआर शातों या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1910 मध्ये सिंडिनियमचं वर्णन केलं, तेही उबदार भूमध्य समुद्रातल्या कोपेपॉडमध्ये. 1937 मध्ये मार्गारेट जेप्स यांनी स्कॉटलंडच्या क्लाइड समुद्रातल्या कॅलॅनसच्या परजीवींवर सविस्तर लिहिलं. त्यानंतर खूप वर्षं हा विषय मोजक्या लोकांपुरताच राहिला, कारण फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या प्राण्यात आतलं फारसं कळत नाही आणि लोक पाय नि काटे मोजून जात ओळखत पुढे जात. मग 2001 मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या 250 ते 3000 मीटर खोल पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा डीएनए वाचला गेला आणि त्यात कुणाच्याच ओळखीचे नसलेले गट मोठ्या संख्येने सापडले. त्यांतले पुष्कळसे सिंडिनियमचेच नातेवाईक, म्हणजे परजीवी निघाले. आता जगातल्या कुठल्याही समुद्राचं पाणी तपासा, ते असतातच. म्हणून आम्ही नमुने फॉर्मलिनबरोबर अल्कोहोलमध्येही ठेवतो. डीएनए त्यात टिकतो.

सगळेच परजीवी यजमानाला, म्हणजे ज्याच्यात राहतात त्या प्राण्याला, मारत नाहीत, हे तुम्हाला विशेष सांगावंसं वाटतं. अंटार्क्टिकाच्या क्रिलच्या, म्हणजे कोळंबीसारख्या छोट्या प्राण्याच्या, आतड्यात ग्रेगारिन नावाचे परजीवी राहतात, आणि क्रिल त्यांच्यासकट वर्षानुवर्षं जगतो. उलट बेरिंग समुद्रातल्या क्रिलमध्ये 1986 मध्ये वर्णन झालेला कोलिनिया हा एकपेशीय परजीवी यजमानाला आतून खाऊन संपवणाऱ्या गटातला. आणि नारूसारखं घर बदलत जाणारेही आहेत. अ‍ॅनिसाकिस नावाच्या गोल कृमीची अंडी देवमाशाच्या विष्ठेतून पाण्यात येतात, अळ्या बाहेर पडतात, क्रिलसारखे कवचधारी प्राणी त्या गिळतात, त्यांना मासे खातात आणि माशांना देवमासे. माणसाने कच्चा मासा खाल्ला तर अळी चुकून त्याच्या पोटात येते. आई दर वेळी बजावते ते याचसाठी. तिला सांगा, इथे कच्चा खायचा समुद्रातला मासा सहसा आधी उणे 20 अंशांवर निदान 24 तास गोठवावा लागतो, तसा नियमच आहे. शिवाय मी तो खात नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही ज्या साखळीवर काम केलंत तिचं एक टोक माणसात होतं. नारूवर औषध नव्हतं, लसही नव्हती; तरी दुहेरी घडीच्या कापडाने पाणी गाळलं, बावड्यांत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हँडपंप बसवले, आणि साखळी तुटली. 1983-84 मध्ये कार्यक्रम सुरू झाला, जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यातला शेवटचा रुग्ण, फेब्रुवारी 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर. त्या प्रमाणपत्राच्या मागे तुमच्या मोटरसायकलवरचे दौरे आहेत, हे मी इथे सगळ्यांना सांगते. समुद्रात तोडायला टोक नाही आणि तोडायचं कारणही नाही.

पण मोजावं लागतंच. समुद्रात कॅलॅनस किती, तो किती अंडी घालेल, माशांना किती अन्न मिळेल, हे हिशेब मांडताना जे प्राणी गायब होतात ते माशांनी आणि पक्ष्यांनी खाल्ले असं धरलं जातं. त्यांतले काही आतून पोखरून मेले असतील तर ती चरबी लिटल ऑकच्या पिल्लांपर्यंत पोचतच नाही. ती बीजाणूंच्या रूपाने सूक्ष्म जीवांच्या तोंडी जाते. आणि ज्या मादीचं अंडाशय गेलं ती जाळ्यात जिवंत सापडते, म्हणून जननक्षम म्हणून मोजली जाते. हे मला सरळ चूक वाटतं. त्यात अटलांटिकचं कोमट पाणी आता उत्तरेकडे जास्त सरकतंय आणि त्याबरोबर दक्षिणेकडचा लहान, कमी चरबीचा कॅलॅनस फिनमार्किकसही येतोय. त्याच्यासोबत त्याचे परजीवी येतात का, आणि ते इथल्या जातींत शिरतात का, हाच माझ्या कामाचा विषय. आणखी उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कॉंग्सफ्योर्ड खाडीतून आलेले नमुने याचसाठी पाहते. त्याच खाडीच्या काठावर, न्यू-ओलेसुंदला, 2008 पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे. तिथला तिरंग्याचा फोटो चि. ओमला पाठवलाय, त्याच्याकडून पाहा.

तुमच्या कापडाने सायक्लॉप्स अडायचा, माझ्या बारीक जाळीने कॅलॅनस अडतो. म्हणून एक मागणं. रामबागेतल्या घरी माळ्यावर तुमच्या दौऱ्याच्या डायऱ्या असतील. कोणत्या गावची बावडी कोणत्या महिन्यात आटायची, पाणी खाली गेलं की ठिपके किती दाट व्हायचे, त्याच महिन्यांत लोक जास्त आजारी पडायचे का, असं काही लिहिलेलं असेल तर मला हवंय. परजीवी आणि त्याच्या यजमानाची दाटी यांचा संबंध मी इथे थंड पाण्यात शोधते. तुम्ही तो उन्हाळ्यात पायऱ्या उतरून पाहिलात. ओमने पानांचे फोटो काढले तरी चालतील, फक्त तारखा कापल्या जाऊ देऊ नका. आणि त्याला सिरपूर तलावाचं पाणी बाटलीत आणून भिंगाखाली बघायला सांगा. शेपटीच्या दोन बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या दिसल्या तर ती सायक्लॉप्सची मादी.

आजीच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. आत्याला नमस्कार.

तुमची नात,
मृणाल