हिवाळा म्हणजे कोरडी हवा, हा समज ग्वाल्हेरला लागू पडत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की लष्कर भागातील आमच्या ओळखीपाळखीच्या घरांत ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेत ओलावा सोडणाऱ्या यंत्राचा, विषय हटकून निघतो आणि लहान मूल असलेल्या घरात तर तो पाळण्याइतकाच आवश्यक मानला जाऊ लागला आहे. मी शाळेत तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. तरीही गेल्या डिसेंबरात आमच्याच घरात या यंत्राच्या बाबतीत ज्या चुका झाल्या, त्या इतर घरांत होऊ नयेत असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या तीन वर्षांच्या नातीला रात्री कोरडा खोकला येत असे. हवा कोरडी असेल, या समजुतीने मुलाने आणि सूनबाईंनी यंत्र आणले आणि दारे-खिडक्या लावून ते रात्रभर चालू ठेवण्याचा क्रम सुरू झाला. आठवडाभरात सकाळी खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ वाहू लागले. त्याच खोलीच्या कोपऱ्यात यजमानांचा तबला असतो. तो रोज सकाळी उतरलेला मिळे, त्याची चामड्याची पुडी सैल पडलेली असे आणि गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून सुरात आणलेला तबला दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरे. "या खोलीत ओल आहे," असे यजमान पहिल्या दोन दिवसांतच म्हणाले होते, पण आम्ही ते मनावर घेतले नाही. पुढे कपाट सरकवले तेव्हा मागच्या भिंतीवर मोहरीएवढे काळे ठिपके दाट पसरलेले दिसले. ती बुरशी होती. तेव्हा कुठे आर्द्रतामापक आणला. पहाटे सहा वाजता त्याचा काटा ८४ टक्क्यांवर होता आणि नातीचा खोकला मात्र पहिल्यापेक्षा वाढलेला होता.

हिवाळ्यात हवा कोरडी असते, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे आणि बाकीचे बरेचसे त्यातूनच निघतात. जिथे बाहेर शून्य अंश तापमान असते आणि घर आतून सतत तापवलेले असते, अशा थंड देशांत तो खरा आहे. शून्य अंशाची हवा एका घनमीटरमध्ये जेमतेम ५ ग्रॅम वाफ धरू शकते. तीच हवा घरात येऊन २२ अंशांपर्यंत तापली की तिची वाफ धरण्याची क्षमता १९ ग्रॅमच्या वर जाते आणि सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या वाफेपैकी प्रत्यक्षात असलेला हिस्सा, २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. तिथे ओठ फुटतात, नाकातून रक्त येते आणि तिथे या यंत्राचा उपयोगही होतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते, दिल्लीकडच्या गाड्या त्यापायी तासन्‌तास उशिरा धावतात. धुके म्हणजे वाफेने पूर्ण भरलेली हवा. अशी ८ अंशांची हवा आपल्या न तापवलेल्या, १५ अंशांच्या खोलीत आली, तरी तिची आर्द्रता ६५ टक्के भरते. त्यात स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघराची वाफ आणि बंद खोलीत झोपलेल्या चार माणसांचा श्वास मिळवला, म्हणजे यंत्राने आणखी पाणी सोडण्याला काही अर्थ उरत नाही. थंडीत अंगाची त्वचा उलते हे खरे, परंतु ती थंड वाऱ्याने आणि कढत पाण्याच्या आंघोळीनेही उलते. त्यावरून खोलीतल्या आर्द्रतेचा अंदाज बांधता येत नाही.

म्हणून यंत्राआधी आर्द्रतामापक घ्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तो यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता ठीक समजली जाते; ६० च्या वर बुरशीला आणि गाद्या-उशांतील सूक्ष्म किडींना आयतेच फावते. दम्याच्या रुग्णाला दमट हवा नेहमी मानवते, या समजुतीने पुष्कळ घरांत यंत्र आणले जाते. वस्तुतः या किडी आणि बुरशी हीच दम्याची ठळक कारणे आहेत. काटा खरोखरच ३० च्या खाली असेल, उदाहरणार्थ रात्रभर हीटर चालणाऱ्या किंवा मे महिन्यात एसी लावलेल्या खोलीत, तर यंत्र जरूर वापरावे. कूलर असलेल्या खोलीत मात्र त्याची गरजच नाही. लू, म्हणजे उन्हाळ्यातले गरम वारे, चालू असताना वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपवणारा आपला जुना कूलर तासाला काही लिटर पाणी हवेत सोडतो आणि घरगुती ह्युमिडिफायर पाव लिटरच्या आसपास.

दुसरा मुद्दा पाण्याचा. आमच्या घरी काळ्या कपाटावर रोज पिठासारखा पांढरा थर बसे आणि ती रस्त्याची धूळ समजून आम्ही पुसत राहिलो. अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिकंपनांवर चालणाऱ्या, जातीचे यंत्र पाण्याची वाफ करत नाही, ते पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार उडवते. त्यामुळे पाण्यात जे असेल ते सगळे हवेत जाते. नळाला तिघरा धरणाचे पाणी अपुरे पडते म्हणून आम्ही टाकी बोअरच्या पाण्याने भरत होतो आणि त्या जड पाण्यातले क्षार रात्रभर त्या लेकराच्या छातीत जात होते. हे कळले त्या दिवशी सूनबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. पाणी उकळून घातले तर जंतू मरतात, पण क्षार पूर्णपणे जात नाहीत. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण तेही टाकीत दोन दिवस साचले तर त्यात जंतू वाढतातच. या यंत्राने हवा शुद्ध होते, असेही सांगितले जाते. ते साफ चूक आहे. जड पाणी घातले तर हवेतील सूक्ष्म कण उलट वाढतात.

टाकीत काहीबाही घालण्याची जी सवय पडत चालली आहे, तिच्याविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. कोणी निलगिरीचे तेल घालतात, कोणी कापूर, आणि आमच्या परिचयाच्या एका घरात तर पाणी 'निर्जंतुक' राहावे म्हणून फरशी पुसण्याचे औषध झाकणभर घातले जात होते. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळायची जंतुनाशके दुकानांत राजरोस विकली जात होती. २०११ मध्ये तिथे गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया फुप्फुसांच्या गंभीर विकाराने रुग्णालयात येऊ लागल्या, तेव्हा शोध घेता घेता मूळ या जंतुनाशकांपर्यंत पोहोचले. त्यांतील रसायने त्वचेला लागली तर फारशी इजा करीत नव्हती, पण श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यावर प्राणघातक ठरली. मेलेल्यांत लहान मुले पुष्कळ होती. जे हाताला चालते ते छातीला चालेल असे मुळीच नाही. कापूरही दोन वर्षांखालील मुलांच्या जवळपास नसावा.

गरम वाफेचे यंत्र अधिक गुणकारी, ही समजूतही सोडून द्यावी. वाफ गरम असो वा गार, हवा छातीत पोहोचेपर्यंत शरीराच्या तापमानाला येते. उलट गरम यंत्र कलंडले तर मूल भाजते. यंत्र वापरायचेच असेल तर टाकी रोज रिकामी करून कोरडी पुसावी, दर तिसऱ्या दिवशी घासून धुवावी आणि तळाला बसलेला क्षाराचा थर पांढऱ्या सिरक्याने काढून स्वच्छ पाण्याने विसळावी. बुळबुळीत झालेल्या टाकीचे तुषार श्वासात जात राहिले, तर ताप, खोकला आणि फुप्फुसांची सूज येऊ शकते आणि ते दुखणे साध्या सर्दीसारखेच दिसते.

याच्याशी लागून असलेली एक समजूत जिवावर बेतणारी आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून शेजारी पाण्याची परात ठेवली की विषारी वायू पाण्यात विरघळतो, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. परातीने हवेत थोडी ओल येते, वायू खोलीतच राहतो. शेगडी झोपण्याच्या खोलीत नसावीच.

आपण रोजच्या हवामानाच्या चौकटीत कमाल आणि किमान तापमान छापता. त्याशेजारी हवामान खात्याचे सकाळी साडेआठचे आणि सायंकाळी साडेपाचचे आर्द्रतेचे आकडेही छापावेत, अशी विनंती आहे. जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी ते आकडे नव्वदीच्या पुढे दिसले, तर एखादी आई त्या रात्री यंत्राचे बटण दाबण्याआधी थोडा विचार करील.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर