मडगावच्या मेस्तांना, भाईंच्या एमजीच्या काचेबद्दल

आदरणीय मेस्त,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठे छापू नये, असे आपण आम्हांला निरोप देताना बजावले होते, म्हणून ते न लिहिता, गोव्यात कारागिराला म्हणतात तसे नुसते मेस्त म्हणते. परंतु आभार चारचौघांत मानावेत असे मला मनापासून वाटले, कारण आमच्या जुन्या गाडीची काच फुटल्यानंतर माझ्या वडिलांच्या, म्हणजे भाईंच्या, वाट्याला आलेली अवहेलनाही चारचौघांतच झाली होती, आणि आपण जे केलेत ते फोंड्यापासून काणकोणापर्यंत जुनी वाहने जिवापाड जपणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवे.

आपल्याला गाडी ठाऊक आहे. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ती 1952 सालची एमजी टीडी, दोन आसनांची, उघड्या टपाची, 1250 सीसी इंजिनाची स्पोर्ट्‌स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1949च्या अखेरीपासून 1953पर्यंत अशा तीस हजारांच्या आसपास गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आमची गाडी मात्र पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरात उतरली, एका खाणमालकांच्या घरी राहिली आणि गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी भाईंकडे आली. खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात पान्हे-पकडींत घालवली, आणि ही गाडी बंद अवस्थेत मिळाली तेव्हा तिचे इंजिन त्यांनी घरामागच्या मांडवात स्वतः उघडून पुन्हा जोडले. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि त्यांचे हात थरथरतात. गाडी माझा भाऊ चालवतो, भाई शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकतात.

उसगावच्या रस्त्यावर पुढे चाललेल्या टिप्परच्या चाकाखालून खडा उडाला आणि समोरची काच फुटली. कुणाला इजा झाली नाही, ही मंगेशाची कृपा. पण पावसाळा तोंडावर होता, आणि टीडीचा ताडपत्रीचा हूड पुढच्या बाजूला काचेच्या चौकटीच्या माथ्यावरच अडकत असल्यामुळे काचेविना ती गाडी म्हणजे पावसात उघडे पडलेले घरच. वायपरची मोटरसुद्धा त्या चौकटीलाच जोडलेली. एक काच गेली तर अर्धी गाडी निकामी होते, हे ज्याने टीडी हाताळली आहे त्यालाच समजेल.

पुढचे दिवस आठवले की आजही मन कडवट होते. एका मोठ्या गॅरेजमध्ये गाडीकडे न पाहताच आम्हांला सांगण्यात आले की कॅटलॉगमध्ये नंबर नसेल तर काच मिळत नाही. दुसऱ्या ठिकाणी घराच्या खिडकीला लावतात तशी टफन्ड काच बसवून देण्याची तयारी दाखवली गेली. ती काच एकदा भट्टीत तापवून झटक्यात थंड केली की नंतर कापता येत नाही आणि फुटली तर क्षणात तिचा चुरा होऊन पुढचे काहीच दिसेनासे होते, म्हणून समोरच्या बाजूला दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेडच हवी, असे भाईंनी समजावण्याचा प्रयत्न केला तेव्हा तिथल्या तरुण व्यवस्थापकाने त्यांचे वाक्य मध्येच तोडले आणि माझ्या भावाकडे वळून विचारले, "आजोबांना घरी बसवून तुम्ही एकटे का येत नाही?" परदेशातून काच मागवून देतो म्हणणाऱ्या एका व्यापाऱ्याने आगाऊ रक्कम घेतली आणि पावसाचे अर्धे दिवस संपल्यावर जी काच हाती दिली ती टीडीच्या आधीच्या टीसी या मॉडेलची होती. टीसीचा सांगाडा अरुंद. काच दोन्ही बाजूंनी अपुरी पडली. पैसे परत मागितले तेव्हा फोन उचलणे बंद झाले. विमा कंपनीच्या माणसाने तर गाडी मोडीत काढण्याचा सल्ला भाईंच्या समोर, त्यांचे नाव घेऊन दिला.

या सगळ्यांत नुकसान पैशांचे झाले ते झाले. मला जे सहन होत नव्हते ते वेगळेच होते. ज्या माणसाने ती गाडी स्वतःच्या हातांनी उभी केली त्याच्याशी एकही जण बोलत नव्हता. सगळे बोलत होते ते भावाशी, कधी माझ्याशी, आणि भाई खुर्चीच्या कडेला काठी धरून शांत बसलेले असत. हळूहळू त्यांनी बरोबर येणेच सोडले.

मेस्त, आपल्याकडे ते आले ते केवळ आईच्या आग्रहाने. टेम्पोवर ताडपत्रीखाली झाकलेली गाडी बोरीच्या पुलावरून मडगावला आणली, तेव्हा भाई वाटेत एक शब्द बोलले नव्हते. आपण दुकानाच्या दारात आलात, ताडपत्री बाजूला केलीत, गाडीभोवती एक फेरी मारलीत आणि मग आम्हां दोघा भावंडांना काही न विचारता आतून लाकडी खुर्ची आणून ती गाडीच्या उजव्या चाकाजवळ, सावली बघून ठेवलीत. भाईंना हात धरून बसवलेत. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन आपण त्यांच्यासमोर उकिडवे बसलात आणि विचारलेत, "भाई, तुमी सांगात. पयलीं खंयचो स्क्रू काडचो?"

पहिला स्क्रू कुठला काढायचा, हा आपला प्रश्न या पत्राचे कारण आहे.

भाईंनी लगेच उत्तर दिले नाही. आपण थांबलात. दुकानात दुसरे गिऱ्हाईक येऊन उभे राहिले, आपण त्याला हाताने थांबायला सांगितलेत आणि भाईंकडेच पाहत राहिलात. मग भाई म्हणाले की डाव्या कोपऱ्यातला खालचा स्क्रू आधी सोडवावा, कारण तो मूळचा नाही. आटे झिजल्यामुळे भाईंनी स्वतः कितीतरी वर्षांपूर्वी तिथे मोठ्या आट्याचा स्क्रू बसवला होता, आणि तो शेवटी राहिला तर सगळा ताण त्या कोपऱ्यावर येऊन चौकट पिळली जाईल. आपण मान डोलावलीत, त्या स्क्रूवर तेल सोडलेत आणि त्याला मुरायला वेळ दिलात. तेवढ्या वेळात भाईंनी आपल्याला इंग्रजी आट्यांचा प्रकार, चौकटीच्या खोबणीतली रबराची पट्टी कशी बसवायची, काच चौकटीसकट पुढे दुमडताना कुठे हात ठेवायचा, हे सगळे सांगितले. मी माझ्या वडिलांचा तसा आवाज बऱ्याच महिन्यांनी ऐकला. आपल्याला यातले पुष्कळ आधीच माहीत असणार, हे आपले हात पाहून मला कळत होते. तरीही आपण ऐकून घेतलेत, मध्ये दोनदा प्रश्न विचारलेत, आणि भाईंनी सांगितलेला तो स्क्रू खरोखरच पहिला सोडवलात.

काच कापण्याचे काम मी जन्मात पहिल्यांदा पाहिले आणि ते इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. टीडीची काच सपाट असते, म्हणून लॅमिनेटेड काचेच्या सपाट तावातून ती कापता येते, हे आम्हांला आधी कुणीही सांगितले नव्हते. आपण जुन्या काचेचे तुकडे कागदावर जुळवून साचा काढलात. नंतर तावाच्या एका बाजूने चाकाच्या कटरने रेघ ओढून खालून हलकेच ठोकलेत, ताव उलटवलात आणि बरोबर त्याच रेघेवर दुसऱ्या बाजूने तेच केलेत. दोन्ही काचा तुटल्या तरी मधला प्लास्टिकचा पापुद्रा त्यांना सोडत नव्हता. त्या फटीत आपण स्पिरिट ओतून काडी लावलीत. निळी ज्योत रेघेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली, पापुद्रा मऊ झाला आणि आपण पातळ पाते त्यातून ओढून काच वेगळी केलीत. कडा पाण्याखाली दगडावर घासून गुळगुळीत केल्यात. एवढे झाल्यावर ती काच उभी धरून तिच्यातून समोरच्या विजेच्या तारेकडे पाहत आपण ती सावकाश डावीउजवीकडे हलवलीत, आणि तार एका जागी किंचित लचकलेली दिसताच काच बाजूला ठेवून दिलीत. आम्हांला ती लचक दिसलीही नव्हती. "रात्री समोरून दिवे आले की हाच दोष डोळ्यांना त्रास देईल," एवढेच बोलून आपण दुसरा ताव काढलात. पहिल्या तावाचे पैसे घ्यावेत म्हणून भावाने फार विनवले, आपण ते घेतले नाहीत.

दुसरी काच तयार झाल्यावर आपण ती प्रथम भाईंपुढे धरलीत आणि त्यांना तारेकडे पाहायला सांगितलेत. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि "सरळ आहे" असे म्हटले. त्यानंतरच ती चौकटीत गेली.

गोव्यात अशी माणसे अजून आहेत, याचा मला अभिमान वाटतो. जुन्या बाजारपेठांत रेडिओ, शिलाई यंत्रे, घड्याळे, पेट्या दुरुस्त करणारे कारागीर मी लहानपणापासून पाहिले आहेत. वस्तू हातात घेण्याआधी ते ती आणणाऱ्याची विचारपूस करतात. मोठ्या दुकानांत काचेच्या दारामागे गारवा असतो, पावती छापून मिळते, परंतु समोरच्या म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्यावी हे तिथे कुणाला सुचत नाही. सौजन्याला खर्च येत नाही असे लोक म्हणतात, ते मला पटत नाही. आपला त्या दिवशी वेळ गेला, एक पूर्ण ताव वाया गेला, थांबलेले गिऱ्हाईक कदाचित निघूनही गेले असेल. आपण तो खर्च आमच्यासाठी सोसलात, आणि त्याची जाणीव आमच्या घरातल्या प्रत्येकाला आहे.

भाई आता पुन्हा गाडीजवळ जातात. भावाने रबराची पट्टी कोरडी पडू दिली तर त्याला बोलणी बसतात. नवरात्रात आम्ही गाडी म्हार्दोळपर्यंत नेली, वाटेत सर आली, काचेच्या कडेने थेंबभरही पाणी आत आले नाही, आणि हे आपल्याला आवर्जून कळवावे असे भाईंनी मला दोन वेळा सांगितले.

आपण काचेचा कागदी साचा ठेवून घेण्याची इच्छा व्यक्त केली होती, दुसऱ्या कुणाची टीडी आली तर उपयोगी पडेल म्हणून. घरी आल्यावर भाईंनी त्याची स्वच्छ प्रत जाड कागदावर काढली आहे. मापे त्यांनी स्वतःच्या हाताने इंच आणि मिलिमीटर दोन्हींत लिहिली आहेत. हात थरथरत असल्यामुळे एकदोन आकडे वाकडे आले आहेत, ते मी बाजूला पुन्हा लिहून दिले आहेत. डाव्या खालच्या कोपऱ्यापाशी त्यांनी खूण करून ठेवली आहे की हा स्क्रू फक्त आमच्या गाडीत मोठ्या आट्याचा आहे, इतर टीडींमध्ये तो तसा असेल असे धरून चालू नये. प्रत या आठवड्यात भावाबरोबर पाठवत आहे. ती पोचली की भाईंना एक फोन करावा, ही विनंती; त्यांना आपल्याशी वायपरच्या मोटरबद्दल बोलायचे आहे.

आपली ऋणी,
भाईंची मुलगी, फोंडा