नावं विचारायची राहिली, म्हणून हे जाहीर आभार

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रन या हौशी धावेत मी धावले. म्हणजे चालले, धावले म्हणणं जरा जास्तच होईल!

सीएसएमटीच्या गर्दीत भेटलेल्या ताई, पहिले आभार तुमचे. स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्यापासून माझा उजवा हात सुजतो, त्यावर घट्ट बाही घालावी लागते. नंबराच्या पिना काही केल्या लागेनात. तुम्ही न विचारता चारही लावल्यात आणि रेटारेटी वाढली तशा माझ्या उजव्या बाजूला येऊन उभ्या राहिलात. हाताला धक्का लागू नये, हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे.

रस्त्याच्या कडेला पार्ले-जीचा पुडा पुढे करून ‘खा गं, डाएट उद्या’ म्हणणारे आजोबा, तुमचेही आभार. बुटाची नाडी बांधेपर्यंत गर्दी थोपवणारे हवालदार दादा, तुमचेही.

आणि माझ्या या धावण्याच्या निमित्ताने ‘एक शुभेच्छुक’ एवढंच लिहून देणगी पाठवणारे सगळे, तुमचेही आभार. परळला टाटा रुग्णालयात गावाकडून येणाऱ्यांना औषधांइतकाच राहण्या-जेवण्याचा खर्च जड जातो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा कितीतरी जणी मला भेटल्यात. तुमचे पैसे अशाच रुग्णांसाठी दिलेत. पावती हवी असेल त्यांनी कळवा, नाव मात्र सांगावं लागेल.