विषय : ‘हलका’ म्हणून विकलेल्या कॅरव्हॅन ट्रेलरचं 210 किलो जादा वजन

मा. व्यवस्थापक,

तुमच्या माहितीपत्रकात रिकाम्या ट्रेलरचं वजन 700 किलो छापलंय. काट्यावर 910 भरलं. पाण्याची टाकी कोरडी, आत चमचासुद्धा नव्हता. पावती वारंवार पाठवूनही ‘मिळाली नाही’, म्हणून पुन्हा जोडतो.

हे 210 किलो कुठून आले ते तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच बसवलेत. अॅल्युमिनियमच्या म्हणवणाऱ्या फ्रेमला फ्रिजवरचं चुंबक खटकन चिकटतं. पलंगाखाली, कपाटाला, सगळीकडे 18 एमएम प्लाय, वर दोन्ही बाजूंनी सनमायका. भिंतीकडची जी बाजू जन्मात कुणी बघणार नाही, तिलाही. कबूल केलेल्या लिथियम बॅटरीच्या जागी इन्व्हर्टरची ट्युब्युलर, जी उचलायला दोन माणसं लागतात.

सपाट हायवेवर जास्त डिझेल वारा कापण्यात जातं, त्याबद्दल मी भांडत नाही. पण कुंभार्ली घाटात प्रत्येक किलो वर ओढावा लागतो, आणि उतरताना तोच ब्रेकवर येतो. ‘ट्रेलर लावून दहाचं अॅव्हरेज’ सांगितलं होतंत. सातच्या वर गेलेलं नाही.

आता कालचा फोन. तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, “लोड किती होता सर?” म्हटलं, रिकामा. “फॅमिली मेंबर?” म्हटलं, चालत्या ट्रेलरमध्ये माणसं बसवत नाहीत, तुमच्याच पुस्तिकेत आहे. “तसं नाही सर, पुढे गाडीत. मॅडमचं वजन साधारण किती असेल?” माझी बायको शेजारीच बसली होती, फोन स्पीकरवर होता. ट्रेलर एकटा सोडवून काट्यावर चढवला होता, हे मी पुन्हा सांगितलं. त्यावर शांतपणे उत्तर आलं, “वजन आहे म्हणून तर मजबुती आहे सर. पण तुम्ही काट्यावर नेलातच कशाला?”

कशाला! छापलेलं वजन खरं निघालं तर पेढे वाटायचे होते.

फोन ठेवताच मेसेज आला : आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

कंपनी इथली, पोरं इथली, म्हणून विश्वासाने पैसे मोजले होते. असो. 15 दिवसांत फ्रेम, पॅनल आणि बॅटरी कबूल केल्याप्रमाणे बदलून द्या, नाहीतर ट्रेलर न्या आणि पूर्ण रक्कम परत करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातच दावा लावता येतो, म्हणजे हेलपाटे तुम्हाला पडतील. 210 किलोंचा हिशेब तिथे द्या.

उत्तर लेखी हवं. फोन करू नका.

— एक ग्राहक

सोबत : काट्याची पावती, माहितीपत्रकाची प्रत, फ्रेमचे व बॅटरीचे फोटो