मायनरचं ठरलं, म्हणून हे पत्र

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण फोनवर आई नुसतं "बरं" म्हणते आणि मग दिवसभर मनात घोळवत बसते, आणि बाबा लगेच फोन तिच्याकडे देऊन मोकळे होतात. म्हणून नीट लिहूनच कळवतेय. संख्याशास्त्राच्या जोडीला मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून मी सामाजिक न्याय आणि नागरी सहभाग हा विषय घेतलाय. अर्ज भरून झाला, यादीत नाव लागलं, तासही सुरू झालेत.

आई, घाबरू नकोस. माझी पदवी संख्याशास्त्राचीच आहे आणि तीच राहणार. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर 2022मध्ये जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांची पदवी 120 क्रेडिटची (अभ्यासाच्या तासांवरून मोजायच्या श्रेयांकांची) आहे. मुख्य विषयाचे 60, मायनरचे 24. म्हणजे दुसरा कुठला तरी विषय घ्यायचाच होता. त्या जागी अर्थशास्त्र घेतलं असतं तर तुम्ही खूश झाला असता, हे मला ठाऊक आहे. मी त्याचा विचारही खूप केला. पण अर्थशास्त्राच्या वर्गातून बाहेर पडताना डोक्यात प्रश्न राहत नव्हते, आणि इथे ते रात्रीपर्यंत पिच्छा सोडत नाहीत.

तुला अण्णाकाकांची ती चळवळीतली दोन वर्षं आठवणार, हे लिहितानाच मला दिसतंय. मलाही आठवतात. मी लहान होते म्हणून मला काही कळलं नाही असं तुम्ही दोघं समजता, पण काकू रात्री आपल्याकडे यायची तेव्हा मी जागी असायचे. आई, हा अभ्यास आहे. वाचन असतं, सर्वेक्षण असतं, लोकांमध्ये जाऊन काम असतं आणि त्यावर अहवाल लिहायचा असतो. वर्गातल्या कामाच्या एका क्रेडिटला 15 तास धरतात, समाजात जाऊन केलेल्या कामाच्या एका क्रेडिटला 30. सोबत शिक्षक असतात. एकटी मी कुठेच जात नाही.

मात्र जे पाहिलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्हाला एका सुनावणीला नेलं होतं, पाणीपुरवठ्याच्या हरकती आणि सूचनांची. अधिकाऱ्यांनी आकडे वाचून दाखवले. प्रत्येक नळजोडणीमागे सरासरी इतकं पाणी, म्हणजे पुरेसं. मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. म्हणाल्या, "साहेब, आमच्या गल्लीत जोडणीच नाही, तर आम्ही तुमच्या सरासरीत कुठे?" बाबा, ती सरासरी गणिताने बरोबर होती, मी वहीत पडताळून पाहिली. फक्त छेदात नळजोडण्या होत्या, माणसं नव्हती. ज्या गल्लीला नळ नाही ती हिशेबातच नाही, आणि हिशेबात नाही म्हणून तिच्यासाठी तरतूदही नाही. संख्याशास्त्राच्या पुस्तकात छेद दिलेला असतो. तो कोणी आणि कसा ठरवला, हे विचारायला मला हा दुसरा विषय लागतो. पुढे मला आकडेवारीचंच काम करायचंय, तर हे आत्ताच शिकलेलं बरं ना?

महाडच्या सत्याग्रहाचंही आम्ही तारखांनिशी वाचलं. शाळेत 20 मार्च 1927 पाठ केलं होतं, पण त्याआधीचं माहीत नव्हतं. समाजसुधारक सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात 1923मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेने 1924मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. कागदावर हक्क होता आणि तळ्यावर जाता येत नव्हतं. बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तिथवर चालत गेले. नंतर खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 उजाडलं. ठराव झाल्यापासून ओंजळीत पाणी येईपर्यंत मध्ये काय काय लागतं, तेच या विषयात शिकवतात.

आणि बाबा, तुम्ही तरी मला "हे कुठून सुचलं" असं विचारू नका. शेजारपाजारचे सगळे अर्ज तुम्हीच लिहून द्यायचात. मी तुमच्या मांडीला टेकून बसायचे आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घालायचे. "पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलायचं नाही," हे तुमचं वाक्य मी वर्गात सांगितलं, माहिती अधिकाराचा 2005चा कायदा शिकताना. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पण ते दिवस मोजायला हातात पोच हवी. सगळ्यांनी ते लिहून घेतलं, बाबा. मला इतकं बरं वाटलं! ती जुन्या अर्जांची फाइल रद्दीत घालू नका, मला अहवालासाठी हवी आहे.

इथे माझं सगळं ठीक चाललंय. दोन्ही वेळचं जेवण वेळेवर होतं, खोलीत ऊन येतं, पांघरूण पुरेसं आहे, शेजारची मुलगी समजूतदार आहे. तास संध्याकाळचे असले तरी आम्ही सगळ्या एकत्र परततो आणि पोचल्यावर मी तुला मेसेज करते. आई, केसांना तेलही लावते. तुझ्यासारखं चोळून कोणी देत नाही, तेवढं सोडलं तर काही कमी नाही. कधी कधी रात्री वाटतं, तू उशाशी बसून माझं लक्ष नाही असं समजून उद्याची कामं पुटपुटत असावीस.

आता माझं ऐका. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. रोज सकाळी पाच मिनिटं शांत बसून मग बीपी मोजायचं आणि दोन्ही आकडे तारखेसकट वहीत लिहायचे. पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांसमोर ठेवायची, तोंडी "ठीक आहे" चालणार नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम बंद केलेस हे मला कळलंय, कोणी सांगितलं ते विचारू नकोस. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, मी येईन तेव्हा काढेन.

मनात काही आलं तर एकमेकांत कुजबुजत बसू नका, मला सरळ विचारा. रागवायचं असेल तर रागवा, मी ऐकून घेईन. रविवारी फोन करते, तेव्हा स्पीकरवर ठेवा आणि दोघंही बसा.

तुमची,
मनू